चाकाचं दप्तर

स्टुडिओत पाय गप्प ठेवायचे असतात, आणि त्या सकाळी खडखडताईचे पाय काही केल्या गप्प राहत नव्हते.

खरं तर पाय हेच तिचं काम. रेडिओवरच्या नाटकात कुणी जिना चढलं, कुणी ओल्या गवतातून पळालं, कुणी रागारागानं दार आपटलं, की ते पाय तिचे आणि तो हातही तिचा. नट माइकसमोर नुसते बोलायचे, चालायची ती. तिच्या कोपऱ्यात एका पेटीत वाळू, एकीत खडी, एकीत वाळका पाला. भिंतीला टेकवलेलं एक दार होतं, ते कुठल्याच खोलीत उघडत नव्हतं, तरी त्यातून आजवर किती माणसं रुसून गेली होती! तिचं खरं नाव हजेरीपटावर असेलही. हाक मारताना मात्र सगळे खडखडताईच म्हणत, आणि ती ओ देई.

पावलांचा ठेका चुकू नये म्हणून ती मनातल्या मनात गाण्याच्या दोन ओळी म्हणायची. त्या तिच्या आईच्या. आई घरभर कामं करत फिरताना म्हणायची, आणि लेकीच्या अंगात तो ठेका मुरला होता.

पाऊल वाजे बाई, उंबऱ्याच्या पल्याड
गूज माझ्या लेकीचं, राहू दे अल्याड

एका ओळीत आठ पावलं. म्हातारा चालायचा असेल तर ओळ लांबवायची, पोर पळायचं असेल तर घाईनं म्हणायची. अर्थाकडे तिचं कधी लक्ष गेलं नव्हतं. कामाच्या ओळी त्या, घासून गुळगुळीत झालेल्या.

"ताई, उभी राहा ना जरा," काचेपलीकडून नानांचा आवाज आला. नाना दिग्दर्शक. कानावर पेन्सिल, गळ्यात चष्मा, आणि प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधी पाव तास नेहमीच बिघडलेलं पोट. "माइक तुझी चुळबुळ पकडतोय."

"तिच्या लेकीचा वर्ग आहे आज फोनवर," बाळूमावशी म्हणाल्या. "पाय नाचणारच."

बाळूमावशी पन्नाशी ओलांडलेल्या. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसून बोलायच्या, पण तोंड उघडलं की दहा वर्षांचा मुलगा. शहरातल्या पोरांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तेच बरं होतं.

कार्यक्रमाचं नाव 'पुढचं तुम्ही'. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी, दर आठवड्याला. नाटक पंधरा मिनिटांचं, आणि ऐन पेचात थांबायचं. खोटं बोलावं का, मित्राचं नाव सांगावं का, सगळ्यांनी मिळून एकाला वाळीत टाकलं तर आपण काय करावं. उत्तर द्यायचं नाही, हा नानांचा नियम. नाटक थांबलं की शाळांचे फोन जोडले जायचे. बाईंच्या टेबलावरचा फोन मोठ्या आवाजावर, आणि वर्गातली मुलं एकमेकांची मतं खोडत भांडायची. त्यातून जे निघेल त्यावरून पुढच्या आठवड्याचा शेवट लिहायचा.

आज सहावीचा तो वर्ग होता, ज्यात तिची भिंगरी होती. भिंगरी हे घरातलं नाव. एका जागी बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं, आणि ते कुठून आलं हे विचारायची गरज नव्हती.

नाटकाचा विषयही भिंगरीनंच दिला होता. म्हणजे दिला नव्हता. तिथंच तर सगळं अडलं होतं, पण हे त्या सकाळी ताईला अजून कळायचं होतं.

झालं होतं असं. तीन-चार आठवड्यांपूर्वी वेणी घालताना भिंगरी एकाएकी गप्प झाली. वेणी घालताना गप्प बसलेली भिंगरी म्हणजे नक्कीच काहीतरी बिनसलेलं.

"काय गं?"

"कुणाला सांगणार नाहीस ना?"

"छे गं. मी कुणाला सांगतेय."

मग ते पोटातून बाहेर आलं. वर्गात डबे खाल्ले जात होते. म्हणजे अख्खे नाहीत; प्रत्येक डब्यातला एकच घास. मुलांनी संशय शाळेच्या शिपायावर, घंटामामांवर घेतला होता, कारण सकाळी सगळे मैदानावर असताना वर्गांच्या ओळीत फक्त मामा असायचे. आणि भिंगरी पाण्याची बाटली विसरली म्हणून परत गेली, तर वर्गात शेंग. शेंग म्हणजे तिची मैत्रीण, उंच आणि काटकुळी, म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. उशिरा आलेली, दप्तर हातातच, आणि तोंडात घास. शेंगेनं गिळला आणि एवढंच म्हणाली, सांगू नकोस.

"आता मी काय करू, आई? मामांना सगळे चोर म्हणतात. आणि शेंग माझी मैत्रीण आहे."

आई केसांतून कंगवा फिरवत राहिली. काय म्हणाली ते तिला नंतर कितीही आठवून आठवेना. काहीतरी म्हणाली असेल, विचार कर, बघू, असं.

आणि दोन दिवसांनी बैठकीत नाना डोक्याला हात लावून बसले होते, विषय सापडत नव्हता, चहा निवत होता. तिनं सांगून टाकलं. नाव घेतलं नाही. "एका शाळेत म्हणे," असं म्हणाली. नाना ताडकन उभे राहिले. "हाच! अगं हाच पेच हवा!" मग त्यांनी सगळं बदललं. डब्यांचे रंगीत खडू झाले, मुलीचा मुलगा झाला, शाळेची निवासी शाळा झाली, मामांची सफाईवाली मावशी झाली. ओळख पटेल असं काही उरलं नाही, अशी दोघांचीही खात्री होती.

"फक्त तो मुलगा येतो ना रिकाम्या ओसरीतून," नाना म्हणाले होते, "तिथं मला काहीतरी खास दे. पोरांच्या कानात बसलं पाहिजे. नुसती पावलं नकोत."

खास तिच्याकडे होतं. आवाज वेचायची तिला सवयच. कुणाच्या दाराची कडी, नळाची गुळणी, बंद पडत चाललेला पंखा; छोटं यंत्र पिशवीत, आणि हात यंत्रावर. त्या ढिगात एक चाकाच्या दप्तराचा आवाज होता. एक चाक धड, एक मोडकं. चीं… टक. चीं… टक. असा जिवंत आवाज तिला वर्षभरात मिळाला नव्हता. एकदा तिच्या कानानं तो उचलला, की तो कुणाचा, कुठला, हे गळून पडायचं. तो फक्त आवाज उरायचा. तिच्या धंद्यातल्या लोकांनाच होऊ शकते अशी ही चूक, आणि चूक आहे हे कळण्याइतकंही तिला ते कधी खटकलं नव्हतं.

लाल दिवा लागला.

नाटक छान चाललं. बाळूमावशींचा मुलगा उशिरा उठला, घाबरला, धावला. ताईनं खडीवरून त्याला पळवलं. मग ओसरी. सगळी मुलं मैदानावर, लांबून कवायतीचे आकडे. आणि शांततेतून ते चाक आलं.

चीं… टक. चीं… टक. चीं… टक-टक.

नानांनी काचेतून अंगठा दाखवला.

मुलगा खोक्यांतून एकेक खडू घेतो. दाराशी मित्र उभा. "सांगू नकोस," मुलगा म्हणतो आणि हुंदका देतो. बाळूमावशींचा हुंदका असा की ध्वनिमुद्रणवाल्याचेही डोळे भरायचे. मग सफाईवाल्या मावशीवर आळ, आणि नाटक थांबलं. निवेदिकेनं नेहमीचा प्रश्न टाकला: मित्रानं आता काय करावं? ताईनं कानावर हेडफोन चढवला. वर्ग जोडला गेला होता.

आधी कुजबुज ऐकू आली. मग एकदम गप्प. मुलांनी भरलेल्या वर्गात इतकं गप्प कधी होत नाही.

"बाई," एक मुलगा म्हणाला, "बाई, हे तर…"

"हात वर करून बोलायचं," बाई म्हणाल्या.

"बाई, ते चाक…"

"एकेक घास," दुसरं कुणीतरी म्हणालं. "खडू नाही, घास."

कुणीतरी हसलं. बाक सरकला. आणि मग हेडफोनमध्ये, तिच्या दोन्ही कानांत, नाटक संपलेलं असताना, ते पुन्हा आलं.

चीं… टक. चीं… टक. चीं…

दार उघडलं. ओसरीत आवाज लांब लांब गेला. मधेच पळती पावलं झाली आणि भिंगरीचा आवाज आला, "शेंगे, थांब! थांब ना गं!" बाई म्हणाल्या, "जागेवर बस!" नानांनी घाईघाईनं दुसऱ्या शाळेचा फोन जोडायची खूण केली.

ताईनं हेडफोन काढून ठेवला. आवाजाला पुन्हा मालकीण मिळाली होती.

नाना काहीतरी म्हणत होते. ती दार उघडून निघाली. ज्या दारातून खरंच बाहेर जाता येतं त्या दारातून.

रस्त्यात मध्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, पायांत कामाचे बूट राहिलेत. टणक टाचांचे, पुरुषी, दोन मापांनी मोठे. खाड, खाड, खाड. माणसं वळून बघत होती. सिग्नलला थांबवेना, चालताना धाप आवरेना, आणि डोक्यात त्या दोन ओळी आपोआप सुरू झालेल्या. गूज माझ्या लेकीचं. तिनं दात घट्ट आवळले, तरी त्या चालूच राहिल्या.

शाळेच्या फाटकासमोर एक सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या बाकावर शेंग बसली होती, दप्तर गुडघ्यांत धरून. शेजारी घंटामामा उभे, हातात घंटेचा टोला, तोंड आंबट.

"तुम्हीच का त्या रेडिओच्या?"

"हो."

"मग बोला हिच्याशी. मी दमलो. आत येत नाही म्हणते. घरी पाठवावी तर शाळेच्या वेळेत पोर फाटकाबाहेर सोडली म्हणून माझी गच्छंती. तिकडं तास संपायची वेळ झालीय. मी घंटा वाजवू का हिला राखू?"

"मी सांगितलं मामांना," शेंग जमिनीकडे बघत म्हणाली. "की घास मी खाल्ले."

"सांगितलं. ऐकलं मी," मामा म्हणाले. "इतके दिवस पोरं मला बघून डबे छातीशी धरत होती, बाई. माझ्यासमोर. मला वीस वर्षं मामा म्हणणारी शाळा ही. ते काय एका वाक्यानं गेलं? नाही गेलं. पण सांगितलं, हेही खरं." आणि ते टोला घेऊन रस्ता ओलांडून गेले, जाताना दोनदा मागे बघून.

ताई बाकाच्या टोकाला टेकली. पोरीच्या अंगाशी बसायचा आपला हक्क नाही, असं तिला वाटलं.

"काकू, तुमच्या नाटकातला मुलगा रडला का?"

"हो… रडला."

"मी रडले नव्हते," शेंग म्हणाली. "मी पटापट खाल्लं."

ताईनं मोठ्या बुटांतले पाय बाकाखाली ओढून घेतले.

"आणि ते चाक तुमच्या जिन्यातलं आहे. तुमच्या दारापाशी फरशी फुटलीय ना, तिथं टक दोनदा होतं. वर्गात तसं नाही होत. मी लगेच ओळखलं." ती बोटानं चाक फिरवत होती. "त्या दिवशी आम्ही नकाशा रंगवायला आलो होतो. तुम्ही मला सरबत दिलं होतं."

"हो."

"तेव्हाच घेतला का आवाज? सरबताच्या आधी की नंतर?"

"आधी," ताई म्हणाली. "तू जिना चढत होतीस, आणि मी… चुकलं माझं, बाळा. मला तुझं काही—"

"भिंगरीनं सांगितलं तुम्हाला."

"घरात सांगितलं. आईला सांगतात तसं. पुढं नेलं ते मी."

शेंगेनं मान हलवली, जणू एवढंच नीट लावून घ्यायचं होतं. मग बांध फुटावा तसं बोलायला लागली, पण रडत नाही. भराभर, श्वास न घेता. आई आजीकडे गेली होती, आजी पडली म्हणून, खूप दिवस झाले. बाबा रात्रपाळीला. ती उठते तेव्हा ते नुकते झोपलेले. बाबांना उठवायचं नाही, असं आईनं जाताना सांगितलं होतं. मग तिनं नाही उठवलं. एकदाही नाही. बाबांना वाटतं डबा शेजारच्या काकू देतात, काकूंना वाटतं बाबा देतात. "आता त्यांना कळलं तर ते आईला बोलावून घेतील. मग आजीचं कोण करणार?"

"मी बोलते त्यांच्याशी—" ताई म्हणाली आणि थांबली. शेंग तिच्याकडे बघत होती. पुन्हा? एवढंच होतं त्या बघण्यात.

"तू सांग," ताई म्हणाली. "मी नुसती बरोबर येते. म्हणशील तर."

शेंगेनं चाक एकदा फिरवलं. तोवर मुख्याध्यापिकांनी फोन केला असावा, कारण वळणावरून एक माणूस येत होता, शर्टाची बटणं एक घर चुकलेली, डोळे झोपेनं लाल. त्यानं ताईकडे पाहिलं नाही. मुलीसमोर खाली बसला.

"मला उठवायचं ना गं," एवढंच म्हणाला.

मग त्यानं दप्तर उचलून खांद्यावर टाकलं, मुलीचा हात धरला, आणि दोघं गेली. चाक हवेत फिरत होतं, आवाज न करता.

भिंगरी त्या संध्याकाळी घरी आली ती या भिंतीकडून त्या भिंतीकडे येरझाऱ्याच घालत राहिली. जेवली नाही. बाबांनी विचारलं तर "डोकं दुखतंय." बाबांनी बायकोकडे पाहिलं, काय झालं म्हणून. ती ताटात बोट फिरवत राहिली.

"भिंगरे, मी शेंगेला भेटले. माफी मागितली."

"माझी?"

"तुझीही मागते."

"मी तुला सांगत होते," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज फार शांत होता, आणि त्यानं आईला जास्त भीती वाटली. "तू हं हं करत होतीस. मला वाटलं तू ऐकतेयस. तू साठवून ठेवत होतीस. ते तुझं यंत्र करतं तसं."

सकाळी तिनं स्वतःच वेणी घातली. भांग वाकडा, एक बाजू जाड, एक बारीक. आई कंगवा हातात घेऊन मोरीच्या दाराशी उभी राहिली. लेक तिच्या बाजूनं निघून गेली. तिच्या बुटांचा आवाज जिन्यात फुटक्या फरशीवरून गेला. आईचा हात सवयीनं पिशवीकडे वळला होता. तिनं तो मागे घेतला, आणि मग यंत्र काढून त्यातलं ते चाक पुसून टाकलं. पुसून टाकल्यानं काय होणार होतं? जे ऐकलं गेलं ते ऐकलं गेलंच होतं.

शेंग शाळेत येत नव्हती. भिंगरी आईला सांगत नव्हती. बाईंना फोन केला तेव्हा कळलं. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. ताई स्टुडिओत पावलं चुकू लागली. म्हातारीला जिना चढवायचा तर तिनं पोरासारखा चढवला. "अगं, ती सत्तर वर्षांची आहे," नाना ओरडले, "पळतेय कुठं?" त्या दोन ओळी ती आता म्हणत नव्हती. नुसते आकडे मोजायची, आणि आकड्यांना ठेका नसतो.

तिनं सगळं नानांना सांगितलं होतं. नाना बराच वेळ चष्मा पुसत बसले. "कार्यक्रम बंद करायचा का?" त्यांनी विचारलं, आणि ते खरंच विचारत होते.

"अर्ध्यात सोडलं तर तिच्यापुरतं ते चोरीवरच संपेल," ताई म्हणाली. "शेवट तर करायला हवा. फक्त तो रडका शेवट नको. हुंदका काढा."

"हुंदका काढला तर माझ्याकडे उरलं काय?" बाळूमावशी म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "बरं, नाही रडत. तो मुलगा पटापट बोलेल. घाबरलेलं पोर तसंच बोलतं, नाही का?"

"आणि तो परत वर्गात येतो तिथं?" नानांनी विचारलं. "तिथं काय वाजवणार आहेस?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. "विचारून येते."

शेंगेच्या घराचं दार अर्धंच उघडलं. आत भांड्यांचा आवाज होता, काहीतरी करपल्याचा वास, आणि "मीठ कुठंय गं?" अशी बाबांची हाक.

"नाटकातला मुलगा वर्गात परत येतो," ताई दाराबाहेरूनच म्हणाली. "मी काय वाजवू? तू सांगशील ते वाजवीन."

शेंगेनं दाराची कडी धरून विचार केला. "तो येताना सगळ्यांनी ऐकायलाच पाहिजे का?"

"नाही."

"मग काहीच नका वाजवू."

नानांनी कपाळाला हात लावला. "ताई, रेडिओवर काहीच नाही म्हणजे काय होतं ठाऊक आहे ना? लोक संच आपटतात. वरून फोन येतो." ती उभीच राहिली. जाताजाता नाना म्हणाले, "दोन श्वास देतो. तिसरा घेतलास तर मी मेलो."

पुढच्या आठवड्यात तोच वर्ग फोनवर होता. गेल्या वेळी त्यांचं बोलणं राहून गेलं म्हणून. बाळूमावशींचा मुलगा सफाईवाल्या मावशीपाशी गेला, पटापट बोलला, मावशीनं लगेच माफ केलं नाही. मग तो वर्गाच्या दाराशी आला. आणि तिथं काहीच वाजलं नाही. ताई तिच्या वाळूच्या, खडीच्या, पाल्याच्या पेट्यांमध्ये हात लोंबते सोडून उभी होती. एक श्वास. दोन. नाना डोळे मिटून बसले होते.

निवेदिका बोलली. फोन जोडला गेला. ताईनं हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला आणि चाक शोधू लागली. खोकला, बाक, पंखा, कुणाची तरी पट्टी पडली. चाक नव्हतं. नाही आली, तिला वाटलं. नाही येणार.

"आमच्यातल्या एकीला बोलायचंय," बाई म्हणाल्या.

"मला एक विचारायचंय." आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. शेंगच होती. "नाटकातले सगळे ठरवत बसले, त्याला माफ करायचं की शिक्षा. मागच्या वेळी दुसऱ्या शाळेतले पण म्हणे तेच बोलत होते. पण त्याला खडू कशाला लागत होते, हे कुणीच विचारलं नाही."

"लागत असतील!" गेल्या वेळचाच तो मुलगा तावातावानं म्हणाला. "म्हणून न विचारता घ्यायचे? आणि मावशीवर आलं त्याचं काय?"

"ते चुकलंच," शेंग म्हणाली. "ते मी कुठं नाही म्हणतेय."

"मग?"

"मग मित्रानं त्यालाच विचारायचं ना. आधी त्यालाच."

"मित्र घाबरला होता," भिंगरी म्हणाली. ताईनं डोळे मिटले. "मित्राला वाटलं, विचारलं तर दोस्ती तुटेल. म्हणून त्यानं दुसऱ्यालाच सांगितलं."

"तुटली का?" तो मुलगा म्हणाला.

मग तीन-चार जण एकदम बोलायला लागले, बाई "एकेक, एकेक" म्हणत राहिल्या, आणि नानांनी वेळ संपल्याची खूण केली तरी कुणी ऐकेना. शेवटी संगीत वर चढवावं लागलं. त्याच्या खालीही भांडण चालूच होतं.

संध्याकाळी भिंगरी घरी आली. दप्तर फेकलं, पाणी प्यायली, खिडकीपाशी गेली, परत आली.

"चाक वाजलं नाही," आई म्हणाली. न राहवून निघून गेलं तोंडातून.

"उचलून आणलं आम्ही. तिकडून ती, इकडून मी, फाटकापासून. केवढं जड होतं! आत डबा होता ना." भिंगरीनं नाक मुरडलं. "बाबांनी केलेला. खारट! आणि तिनं सगळ्यांना एकेक घास खायला लावला. फोनवर भांडत होता त्या पोपटला तर दोन."

"आणि मामा?"

"मामांनी नाही घेतला. म्हणाले, माझा राग आहे अजून, शनिवारपर्यंत बघू."

आई हसली. भिंगरी हसली नाही, पण खिडकीपासून हलली, खोलीभर एक चक्कर मारली, कपाटावरचा कंगवा घेतला आणि आईपुढे पाठ करून बसली. वाकड्या वेणीची गाठ सुटता सुटत नव्हती. आईनं केस मोकळे केले.

"आई, वर्गात ना आज…" भिंगरी म्हणाली आणि थांबली. तिचे खांदे ताठ झाले. "काही नाही."

पिशवी टेबलावर होती. आई उठली, ती पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत ठेवून आली, मधलं दार लोटलं आणि परत येऊन बसली. काही विचारलं नाही. रस्त्यावरून कुणाची सायकल गेली, कुठं तरी नळ गळत होता. तिचे पाय खाली फरशीवर आपोआप हलत होते; ते तिनं मांडीखाली घेतले.

भांग सरळ पडला. एका वेणीचे पेड झाले, दुसरीचे सुरू झाले. आणि मग भिंगरी, भिंतीकडे बघतच, अगदी हळू बोलायला लागली. आईचे हात केसांत होते तिथंच थांबले.